रीत नसलेले दुःख
(प्रस्तावना)

आपल्या खेड्यापाड्यांतून आणि शहरांच्या जुन्या पेठांतून एखाद्या घरी मृत्यू घडला, की पुढचे तेरा दिवस कसे काढावेत याची तजवीज त्या घरातील माणसांना करावी लागत नाही. ती पूर्वजांनीच करून ठेवलेली असते. चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठले-भाकरी येते आणि तो कडू घास नको नको म्हणणाऱ्यांनाही घ्यावा लागतो. समाचाराला आलेल्या माणसाला काय बोलावे ते सुचले नाही तरी बिघडत नाही, कारण त्याने येऊन बसावे एवढीच अपेक्षा असते. आणि दहाव्याला, तेराव्याला, पुढे वर्षश्राद्धाला तीच माणसे पुन्हा जमत असल्यामुळे, ज्याच्यावर आघात झाला त्याला आपण जगातून वेगळे पडलो असे वाटण्यास सहसा अवसर मिळत नाही. या रूढींतील कर्मकांडावर, आणि विशेषतः विधवेच्या वाट्याला त्यांतून जे आले त्यावर, आपल्या सुधारकांनी कठोर टीका केली व ती यथार्थच होती. परंतु शोकाला मुदत, सोबत आणि क्रम देण्याचे जे कार्य या रीतींनी पिढ्यानुपिढ्या केले, त्याचे मोल त्या टीकेने उणे होत नाही.

मनुष्याच्या आयुष्यावर कोसळणारी सर्व संकटे मात्र मृत्यूच्या रूपाने येत नाहीत. सावकाराचा तगादा आणि बँकेची जप्तीची नोटीस एकाच आठवड्यात हाती पडलेला शेतकरी; लग्नानंतर वर्षाच्या आत अंगावर वळ घेऊन माहेरच्या दारात उभी राहिलेली मुलगी; वीस वर्षांच्या नोकरीनंतर एका कागदाने घरी बसवलेला कारकून, जो अजूनही रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो व संध्याकाळपर्यंत बागेत बसून राहतो; ज्याच्यावर अत्याचार झाला आणि अत्याचार करणारा घरातलाच असल्यामुळे ज्याचे बोलणे घरात कुणालाच नको आहे असे लहान मूल: या कुणाच्याही दारी कडू घास घेऊन शेजारी येत नाहीत. यांच्या दुःखात लज्जा मिसळलेली असते, आणि लज्जेला समाजाने मुदत दिलेली नाही, सोबत दिलेली नाही, क्रमही दिलेला नाही. ज्या घरात कुणी आत्महत्या केली त्या घरी तर समाचाराची रीत असूनही ती विपरीत होते. येणारा प्रत्येक जण बसण्यापूर्वीच 'चिठ्ठी होती का?' असे विचारतो, आणि सांत्वनाची जागा चौकशी घेते.

समुपदेशकाचे स्थान माझ्या मते नेमके येथे आहे. ज्या दुःखाला रीत नाही त्याच्याजवळ बसण्याची रीत निर्माण करणे, हे त्याचे कार्य होय. व्यक्तिगत संकटात सापडलेल्या माणसाला साहाय्य करण्याची पद्धती मराठी वाचकांपुढे, आणि विशेषतः गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, शिक्षक, वसतिगृहांचे अधीक्षक व पोलीस ठाण्यांतील कर्मचारी यांच्यापुढे, सविस्तर मांडणारा हा ग्रंथ सिद्ध होत असताना त्याच्या आरंभी चार शब्द लिहिण्याची विनंती मी आनंदाने स्वीकारली, ती याच धारणेपोटी.

या शास्त्राचा अर्वाचीन आरंभ एका दुर्घटनेत झाला. अमेरिकेतील बोस्टन शहरी कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाचगृहाला २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री आग लागली व तीत ४९२ माणसे प्राणाला मुकली. एरिक लिंडेमान हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील मनोविकारतज्ज्ञ. या आगीतून वाचलेले व तीत आप्त गमावलेले लोक, आणि अन्य कारणांनी वियोग सोसलेले काही, अशा एकूण १०१ जणांच्या निरीक्षणावर आधारलेला त्यांचा निबंध १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार येणारे उसासे, मृताच्या मूर्तीने व्यापलेले मन, 'मी अमुक केले असते तर तो वाचला असता' हा छळणारा अपराधभाव, जवळच्यांवरच निघणारा राग आणि नित्याच्या व्यवहारांची तुटलेली घडी, ही सारी वेडाची चिन्हे नसून शोकाचे स्वाभाविक कार्य चालू असल्याची ती लक्षणे आहेत, असे त्यांनी दाखवले. ज्यांनी शोक टाळला त्यांचीच प्रकृती पुढे विकृत वळणाने गेल्याचे त्यांना आढळले. आणि शोक करणाऱ्याच्या या कार्यात कुणी जाणत्याने सहभागी होऊन आठ-दहा भेटी दिल्या, तर चार ते सहा आठवड्यांत ते सामान्यतः मार्गी लागते, असा त्यांचा अनुभव होता. त्यांचे सहकारी जेराल्ड कॅप्लन यांनी हाच विचार १९६४ च्या आपल्या ग्रंथात वियोगापलीकडे नेला. नेहमीच्या उपायांनी न सुटणारा प्रसंग उभा राहिला म्हणजे मनाचा तोल जातो. ही असमतोल स्थिती फार काळ टिकू शकत नाही, ती काही आठवड्यांतच बऱ्या अथवा वाईट मार्गाने मिटते. आणि एरव्ही दुसऱ्याचे साहाय्य न घेणारा माणूसही या अल्पकाळात साहाय्याला अधिक मोकळा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. संकटकालीन समुपदेशनाची सारी निकड या शेवटच्या विधानात आहे. सहा महिन्यांनी मिळणाऱ्या निष्णात तज्ज्ञापेक्षा आज संध्याकाळी भेटणारा साधा शिकलेला माणूस येथे अधिक उपयोगी पडतो.

दुसरा प्रवाह वैद्यकातून नव्हे, तर एका धर्मोपदेशकाच्या अस्वस्थतेतून निघाला. चॅड वारा या तरुण इंग्रज पाद्र्याला १९३५ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला ऋतुप्राप्ती झाली होती, आणि हा काही गुप्तरोग आहे अशा समजुतीने, विचारायला कुणी नाही म्हणून, तिने जीव दिला होता. ही गोष्ट ऐकून हळहळणारे पुष्कळ असतील. वारा यांनी मात्र तिचे ऋण आयुष्यभर मानले. १९५३ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये त्यांनी एक दूरध्वनी ठेवला आणि निराश माणसांनी जीव देण्यापूर्वी आपल्याशी बोलावे, असे आवाहन केले. लोक इतके येऊ लागले की भेट मिळेपर्यंत त्यांच्याजवळ बसून चहा देण्यासाठी स्वयंसेवक नेमावे लागले. आणि लवकरच वारा यांच्या ध्यानी आले की, या साध्या माणसांशी बोलून मन हलके झालेले कित्येक जण पाद्रीबुवांची भेट न घेताच समाधानाने परत जात आहेत. काही महिन्यांतच, १९५४ च्या फेब्रुवारीत, त्यांनी सगळे काम त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. समॅरिटन्स या नावाने पुढे जगभर गेलेल्या चळवळीचा हा उगम आहे. स्वतःच्या विद्येपेक्षा दुसऱ्याच्या ऐकण्यात अधिक सामर्थ्य आहे हे ओळखून बाजूला होणे विद्वानांना सहसा साधत नाही. म्हणून वारा यांच्याविषयी माझ्या मनात विशेष आदर आहे.

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. समजा, पुण्याच्या सदाशिव पेठेतील एखाद्या अभ्यासिकेत पाच-सहा वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावाचा एक तरुण, निकालाच्या दुसऱ्या दिवशी समुपदेशिकेपुढे येऊन बसला आहे. त्याच्यासाठी वडिलांनी एक एकर विकले आहे, धाकट्या बहिणीचे लग्न 'दादाला पोस्ट मिळू दे' म्हणून लांबले आहे, आणि यादीत नाव नाही हे अद्याप त्याने घरी कळवलेले नाही. 'मॅडम, घरी काय तोंड दाखवू?' याहून अधिक तो बोलत नाही. या ठिकाणी आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी जे येईल, म्हणजे आयुष्य अजून पुढे पडले आहे, अपयश ही यशाची पहिली पायरी आहे, तुझ्याहून वाईट अवस्थेतले लोक पाहा, ते सर्व सदिच्छेने उच्चारलेले असूनही त्या तरुणाला अधिकच एकटे करते. कारण त्यातून त्याला ऐकू येते ते इतकेच, की तुझे दुःख ऐकण्याची माझी तयारी नाही. समुपदेशिका तसे काही बोलत नाही. तो शेवटचा कधी जेवला, रात्री झोपला का, खोलीवर सोबत कोण आहे, हे ती प्रथम विचारते. आणि मग, स्वर न बदलता, शब्द न चोरता, जीव देण्याचा विचार मनात येतो का, तसे काही ठरवले आहे का, साधन जवळ आहे का, हेही विचारते.

या प्रश्नाची भीती समाजात खोल रुजलेली आहे. विचारले तर नसलेला विचार मनात येईल, अशी ती भीती होय. पण या विषयाच्या आजवरच्या अभ्यासांतून तिला आधार मिळालेला नाही. ज्याच्या मनात तो विचार नाही तो नाही म्हणतो, आणि ज्याच्या मनात आहे त्याला, कुणीतरी हा शब्द न घाबरता उच्चारला, या एका गोष्टीनेच सुटल्यासारखे होते. लॉस एंजेलिस येथे १९५८ मध्ये आत्महत्या-प्रतिबंधक केंद्र स्थापणाऱ्यांपैकी एडविन श्नाइडमन यांनी अशा मनाची दोन लक्षणे वर्णिली आहेत: एक, दृष्टी आकुंचित होऊन 'हे असह्य जिणे किंवा मरण' असे दोनच पर्याय दिसू लागणे, दुसरे, मरू पाहणाऱ्या त्याच मनाने त्याच क्षणी कुणीतरी आपल्याला वाचवावे अशी आस धरणे. समुपदेशिका ज्याच्याशी बोलत असते तो हा दुसरा आवाज होय.

त्यानंतरचे काम दिसायला अगदी साधे, पण करायला अवघड. त्या तरुणापुढे एकच अखंड आपत्ती उभी आहे. ती त्याच्याकरवीच सुटी करून घ्यायची असते. निकाल ही एक गोष्ट, वडिलांना सांगणे ही दुसरी, खोलीचे व खानावळीचे थकलेले पैसे ही तिसरी, बहिणीच्या लग्नाची चौथी. यांतील आज काय करावयाचे, या आठवड्यात काय, आणि कोणत्या प्रश्नाला सहा महिने हातही लावायचा नाही, हे तोच ठरवतो; ती प्रश्न विचारते, आणि सुचेनासे झाले की थांबते. घरातल्या कुणाशी बोलणे त्यातल्या त्यात सोपे वाटते? मामाशी. मग मामाला फोन तिथेच बसून, तिच्या समक्ष. आज रात्री खोलीवर एकटे राहायचे नाही, गावाकडच्या मित्राकडे जायचे. परवा अकरा वाजता पुन्हा यायचे, आणि नाही आलात तर मी फोन करीन, हेही ती सांगते व खरोखर करते. या सर्वांत तिने त्याला उपदेश असा केलेलाच नाही. अर्जुनाच्या विषादाचा दाखला देऊन श्रीकृष्णाला आद्य समुपदेशक म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मला ती तितकीशी पटत नाही, कारण भगवंताच्या मुखाने बोलण्याचा अधिकार समुपदेशकाला कुणी दिलेला नाही. मात्र अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, सर्व सांगून झाल्यावर, तुला योग्य वाटेल ते कर, असे म्हणून निर्णय अर्जुनावर सोपवला जातो, तेवढे स्थळ या व्यवसायाने आपले म्हणावे.

दोन इशारे येथेच देणे इष्ट. आघात झाल्याबरोबर सर्वांना एकत्र बसवून झाले ते सविस्तर वदवून घेण्याची एक पद्धत १९८० नंतर फार लोकप्रिय झाली होती. पुढील तपासण्यांत तिचा लाभ दिसून आला नाही, काहींना तर ती अपायकारक ठरल्याचे आढळले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेने मानसिक प्रथमोपचाराचा जो मार्ग सांगितला त्यात कुणालाही बोलण्यास भाग पाडू नये अशी स्पष्ट सूचना आहे. ऐकण्यास सिद्ध असणे आणि बोलण्याचा आग्रह धरणे यांत मोठे अंतर आहे. दुसरा इशारा गुप्ततेविषयी. येथे बोललेले बाहेर जाणार नाही हे वचन समुपदेशनाचा पाया असले, तरी जीवाला धोका दिसल्यास एखाद्या जवळच्या माणसाला सांगावे लागेल, ही मर्यादा पहिल्या भेटीतच सांगितली पाहिजे. नंतर सांगितलेली मर्यादा विश्वासघातासारखी लागते.

हे कार्य पदवीधर तज्ज्ञांशिवाय होणे नाही, असा एक समज आपल्या वैद्यकीय वर्तुळांत दीर्घकाळ होता. त्याला उत्तर गोव्यातून मिळाले, ही गोष्ट प्रत्येक मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या संगात या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांसाठी, मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. आणि उपचाराचे सूत्र असे, की मनाला उभारी आल्यावर कामाला लागू, याची वाट न पाहता, सुटलेल्या गोष्टींपैकी एखादी लहानशी गोष्ट, मग ती बाजारात जाणे असो वा मैत्रिणीला भेटणे असो, आज पुन्हा आरंभावी. या समुपदेशकांच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण होई, आणि ते एकमेकांचे काम ऐकून त्याचे परीक्षण करीत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तीन महिन्यांनी समुपदेशन लाभलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर ते न लाभलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. विदर्भातील अमरावती जिल्ह्याच्या ३० गावांत याच संस्थेच्या सहभागाने झालेल्या 'विश्राम' प्रकल्पात, नैराश्य असून उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावातल्याच बाईने दारात येऊन विचारपूस केल्याचा हा परिणाम होता.

विदर्भाचे नाव निघाले म्हणजे आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. ज्याचे पीक गेले, ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढला, त्याला समुपदेशन देणे म्हणजे अन्यायाला शांतपणे सोसण्याचे शिक्षण देणे नव्हे काय? हा आक्षेप मी गंभीर मानतो. कर्ज समुपदेशनाने फिटत नाही, आणि शासनाने पीकविमा व भाव यांऐवजी समुपदेशक पुढे करावा हे अनुचितच आहे. पण चांगला समुपदेशक तहसील कचेरीत कोणता अर्ज कुणाकडे द्यावा, बँकेत तडजोडीची योजना कधी लागू होते, हे माहीत करून घेतो व प्रसंगी सोबत जातो. आणि कीटकनाशकाचा डबा घरातून हलवून कुलपात ठेवण्याविषयी घरच्यांशी बोलतो. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नव्हे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. तीव्र आवेगाचा काळ थोडा असतो. त्या काळात हाताशी विष नसले, की माणूस पुष्कळदा वाचतो आणि जगतो.

हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने स्त्रियांच्या बाबतीत उभा राहतो. नवऱ्याच्या मारहाणीची फिर्याद घेऊन ठाण्यात आलेल्या बाईला पूर्वी जे मिळे ते म्हणजे समेटाचा सल्ला आणि परतीचा रस्ता. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या तेथे बसवल्या. पुढे हे कक्ष शासनाच्या आश्रयाने राज्यभर पसरले. जबानी व पंचनामा यांची निकड असलेल्या त्या वास्तूत बाईला प्रथम खुर्ची, पाणी आणि निवांतपणा देणारे कुणी आले, हा बदल लहान नव्हता. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या 'दिलासा' केंद्राने तीच दृष्टी वैद्यकीय सेवेत आणली. 'जिन्यावरून पडले' असे सांगणाऱ्या बाईच्या जखमेकडे डॉक्टर व परिचारिकांनी कसे पाहावे, हे त्याने शिकवले. या केंद्रांनी घालून दिलेला दंडक माझ्या मते अनुल्लंघनीय आहे: घर टिकवणे हे समुपदेशकाचे उद्दिष्ट नाही, त्या बाईची सुरक्षितता आणि तिचा निर्णय, हे आहे.

आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाच्या बाबतीत कायद्याने फार उशिरा पाऊल टाकले. मुंबई पोलीस दलातील, अपघातानंतर मनोविकार जडलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा ठरवणारे दंडसंहितेचे ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तोच कौल दिला, पण १९९६ मध्ये तो फिरवला. परिणामी मरणाच्या दारातून परतलेला माणूस रुग्णालयाच्या खाटेवर आरोपी ठरे, आणि घरची माणसे 'चुकून औषध पोटात गेले' असे लिहवून घेत. म्हणजे ज्याला बोलण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच तोंडाला कायदा कुलूप घाली. मे २०१८ मध्ये अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ ने असा माणूस तीव्र ताणाखाली होता हे गृहीत धरावे असे ठरवले व त्याची शुश्रूषा आणि पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य मानले. आणि जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत, सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न वगळता, तो अपराध उरलेला नाही. परंतु खेड्यातल्या ठाण्यापर्यंत आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ही वार्ता अद्याप नीट पोहोचलेली दिसत नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्या पलीकडे बसलेल्या माणसांविषयी एक गोष्ट बोलली पाहिजे. दिवसाकाठी अनेकांचे दुःख ऐकणाऱ्याला स्वतःचे ऐकणारे कुणी लागते. वरिष्ठाशी किंवा सहकाऱ्यांशी नियमित चर्चा, कामाच्या वेळेला मर्यादा, आणि आपल्याशी बोललेला एखादा माणूस अखेर वाचला नाही तर त्या धक्क्यातून सावरण्यासाठी सवड, यांची तरतूद जेथे नाही तेथे समुपदेशक वर्ष-दोन वर्षांत कोरडे होतात किंवा सोडून जातात. अल्प मानधनाच्या कंत्राटावर या कार्याची उभारणी करू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी पुढील पृष्ठांतील हा भाग अवश्य वाचावा.

ग्रंथ क्रमाने वाचावा असाच रचलेला आहे. तरी ज्यांच्या घरी, वर्गात, वसतिगृहात अथवा कचेरीत एखादे माणूस गेले काही दिवस गप्प गप्प झाले आहे, रात्री जागत आहे, आपल्या वस्तू इतरांना वाटून टाकीत आहे, त्या वाचकांनी इतिहास व सिद्धान्ताची प्रकरणे तूर्त बाजूस ठेवावीत आणि त्या माणसाला तो अवघड प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, उत्तर होकारार्थी आले तर पहिल्या तासात काय करावे व कुणाला बोलवावे, हे सांगणारे प्रकरण आजच वाचून घ्यावे.